हौसेची ऐरण

छंदांनाही एक अलिखित उतरंड असते. गाणे, चित्रकला, बागकाम हे वरच्या पायरीवरचे. सुतारकाम त्याखालचे, तरी प्रतिष्ठित; निवृत्त माणसाने घरात रंधा चालवला तर शेजारी त्याचे कौतुकच करतात. कुंभाराच्या चाकालाही अलीकडे शहरातील शाळांतून जागा मिळाली आहे. परंतु एखादा सुशिक्षित गृहस्थ सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून भट्टी पेटवतो, तांबडे लोखंड सांडशीत धरून ऐरणीवर ठोकतो आणि त्याला आपला छंद म्हणतो, हे ऐकून मराठी माणूस क्षणभर थबकतो. याचे कारण उघड आहे. लोहारकी हे आपल्याकडे बलुते होते. फाळ पाजवून द्यावा, विळ्या-कुऱ्हाडींना धार द्यावी, गाडीच्या चाकाला धाव चढवावी आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा मागून घ्यावा, ही लोहाराची रीत. बलुते कोणी हौसेने करत नाही. जे जन्माने गळ्यात पडले ते छंद कसे होणार? १९६५च्या ‘साधी माणसं’ या चित्रपटाने लोहाराचा संसार मराठी प्रेक्षकांच्या मनात कायमचा बसवला. तिथे ऐरण ही पूजेची आणि पोटाची वस्तू आहे. तिच्याशी खेळावे ही कल्पना त्या घरात कोणाला सुचली नसती.

तरीही असे हौशी लोहार आज जगभर आहेत, आणि त्यांच्या हौसेचा सर्वांत ठळक विशेष घण चालवणे हा नसून सांगणे हा आहे. अमेरिकेत १९७३ साली जॉर्जिया राज्यातील लम्पकिन या लहानशा गावी काही लोहार एकत्र आले व त्यांनी उत्तर अमेरिकेतील कलावंत-लोहारांची संघटना स्थापन केली. तिच्या स्थापनेत पुढाकार घेणारा अ‍ॅलेक्स बीलर हा अटलांटा शहरातील जाहिरात व्यवसायातला माणूस होता. लोहारकी त्याची हौस. त्याने १९६९ मध्ये या कलेवर एक पुस्तक लिहिले होते आणि खेड्यातील भट्ट्या विझत असताना ते पुस्तक शहरातील माणसांनी वाचले. अशा मेळाव्यांत एक रिवाज आहे. प्रत्येकाने येताना आपण घडवलेली एखादी वस्तू, एखादी सांडशी, आकडा, छिन्नी, आणून एका ठिकाणी ठेवायची आणि चिठ्ठ्या टाकून ती दुसऱ्या कोणी घेऊन जायची. मग गेल्या महिन्यात काय केले याची सांगावांगी सुरू होते. भात्याला पंखा कसा जोडला, जुन्या रुळाच्या तुकड्याची ऐरण कशी केली, सुरीला पाणी देताना ती कुठे तडकली. हा शेवटचा मुद्दा विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. मोडलेले पाते घेऊन येणाऱ्याला तिथे कोणी हसत नाही. लोक ते हातात घेतात, मोडलेल्या जागेचा कण उजेडाकडे धरून बघतात, भरड कण दिसले तर ‘फार तापले’ असे म्हणतात आणि पुढच्याकडे देतात.

चेन्नईसारख्या शहरात ही हौस बाळगणाऱ्याला साहित्याची वाण पडत नाही. कूवम नदीजवळचे पुदुपेट म्हणजे मोडीत निघालेल्या मोटारींची पेठ. इंजिने, दरवाजे, धुरे, दिवे यांचे ढीग पदपथावर मांडलेले असतात आणि त्यातच ट्रकच्या कमानींचे पाटे मिळतात. या पाट्याचे पोलाद सुरीला, कोयत्याला उत्तम. धक्के सोसण्यासाठीच ते घडलेले असते. झिजलेली कानस त्याहून कठीण आणि म्हणून त्याहून फसवी. ब्रेकचा जुना ड्रम उलटा ठेवून खालून वारा दिला की शेगडी होते. अडचण असते ती जागेची आणि आवाजाची. अड्यार किंवा मैलापूर येथील सदनिकांच्या वस्तीत पहाटे पाच वाजता घणाचा आवाज कोण सहन करील? म्हणून हौशी लोहाराला शहराच्या कडेला जावे लागते, अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या शेडचा कोपरा, नाहीतर जुन्या महाबलीपुरम रस्त्याकडील मोकळा तुकडा. पहाटेची वेळ केवळ उन्हासाठी निवडायची नसते. लोखंडाचा रंग अंधारातच खरा दिसतो. भर दुपारी जे काळपट वाटते ते सावलीत चेरीसारखे तांबडे असते, आणि या एका फरकाने नवशिक्याची पहिली दहा पाती वाया जातात. शिवाय समुद्राचा वारा. रात्री घासून चकचकीत केलेले पाते तेल न लावता ठेवले तर सकाळी त्यावर गंजाची नक्षी उमटलेली असते. पुण्याच्या कोरड्या हवेत लोखंडकाम करणाऱ्याला चेन्नईचा हा धडा नवा वाटेल.

पाणी देणे हा मराठी शब्दप्रयोग मोठा नेमका आहे. तापलेले पाते एकदम थंड करून त्याला कठीणपणा द्यायचा, यालाच आपण धारेला पाणी देणे म्हणतो आणि पुढे माणसाच्या तेजालाही ‘पाणी’च म्हणतो. पण पाट्याच्या पोलादाला खरोखरच पाणी दिले तर ते बहुधा तडकते; त्याला कोमट तेल लागते. पोलाद किती तापले हे कळण्याची एक सोपी युक्ती हौशी मंडळी एकमेकांना सांगतात. साधारण ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास लोखंडाला लोहचुंबक चिकटेनासा होतो. चुंबक सुटला की आणखी थोडेसे तापवायचे आणि तेलात बुडवायचे. त्या क्षणी कान टवकारलेले असतात. तेलाच्या फसफसाटातून एखादा बारीकसा ‘टिंग’ आला की समजावे, आठवड्याचे काम गेले. तडा डोळ्यांना दिसायच्या आधी कानांना कळतो. तो न आला तर पाते पुन्हा मंद आचेवर धरायचे, पृष्ठभागावर गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा असे रंग धावत येतात. सुरीला पिवळा पुरे, धक्का सोसणाऱ्या हत्याराला निळ्यापर्यंत जाऊ द्यावे. एवढे सगळे पुस्तकात असते. पुस्तकात नसतो तो टिंग.

तमिळमध्ये एक म्हण आहे, लोहारांच्या आळीत जाऊन सुई विकायची का? हौशी लोहाराची स्थिती तशीच असते. चेन्नईच्या रस्त्याकडेला आणि भोवतालच्या गावांत अजूनही कोल्लनची पट्टरै, म्हणजे लोहाराची कार्यशाळा, आढळते. तिथे विळे, पहारी, छिन्न्या पाजवून मिळतात. शिवगंगा जिल्ह्यातील तिरुप्पाचेत्ती हे गाव तर ‘अरुवाळ’ या वाकड्या पात्याच्या कोयत्यासाठी साऱ्या तमिळनाडूत ओळखले जाते, आणि गावकुसाबाहेरच्या अय्यनार किंवा करुप्पसामी या राखणदार देवांपुढे पुरुषभर उंचीचे अरुवाळ रोवलेले दिसतात. या लोहाराला लोक ‘आसारी’ म्हणून हाक मारतात. संस्कृत ‘आचार्य’ शब्दाचे हे तमिळ रूप. लोहार, सुतार, कासार, पाथरवट व सोनार ही पाच कुळे मिळून कम्माळर होतात. आपल्याकडील पांचाळांशी याचे नाते वाचकाच्या लक्षात येईलच. मराठीत लोहाराला दादा म्हणतील, मामा म्हणतील, आचार्य कोणी म्हणणार नाही. नावात सगळे येते असे नाही, कारण आचार्य म्हणवणाऱ्या त्या माणसाच्या मुलालाही आज बापाच्या पट्टरैपेक्षा कारखान्यातील पाळीच बरी वाटते. पण भाषेने एकेकाळी कोणाला कुठे बसवले होते, याची खूण त्या हाकेत उरली आहे.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबण्यासारखे आहे. संघम वाङ्मयात लोहाराची भट्टी आणि भाता उपमांच्या रूपाने येतात, आणि पुरनानूरुमधील ३१२वे पद, जे पोन्मुडियार या कवयित्रीच्या नावावर आहे, ते माणसामाणसांच्या कर्तव्यांची वाटणी करताना लोहाराचा वाटाही मोजते. मराठीत शिंपी, कुंभार, सोनार, माळी, न्हावी यांनी आपापल्या धंद्याच्या शब्दांत विठ्ठल पाहिला. सर्वपरिचित संतमालिकेत लोहाराचे नाव मात्र तितक्या सहजपणे जिभेवर येत नाही. ऐरण, घण, ठिणगी हे शब्द मराठी कवितेत पुष्कळ आहेत. बहुतेक ते ऐरणीपासून दूर बसलेल्यांनी वापरलेले आहेत. लोहार स्वतः काय बोलत होता?

या प्रश्नाचे एक ठराविक उत्तर दिले जाते आणि ते तपासून पाहायला हवे. दक्षिण भारतात मुशीत पोलाद करण्याची जी विद्या होती, जिच्या वड्या पश्चिम आशियात जात आणि ज्यांच्यापासून घडलेल्या तलवारींवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे, ती विद्या कारागिरांनी गुप्त ठेवली म्हणून नष्ट झाली, असे सांगितले जाते. कन्नड ‘उक्कु’ आणि तमिळ ‘उरुक्कु’ या शब्दांशी नाते सांगणारे ‘वूट्झ’ असे एक विचित्र नाव इंग्रजांनी या पोलादाला दिले. १७९० नंतरच्या काही वर्षांत डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून त्याचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. १७९५ मध्ये जॉर्ज पीअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. पुढे मायकेल फॅरडे यांनी जेम्स स्टोडार्ट या हत्यारे करणाऱ्या कारागिरासह या पोलादावर प्रयोग केले. फॅरडेचे वडील लोहार होते, ही गोष्ट या संदर्भात सहसा कोणी सांगत नाही. रशियात उरल पर्वतातील झ्लातौस्त येथे पावेल अनोसोव याने असे पोलाद करून दाखवले व १८४१ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. निम्मे युरोप ज्याच्या मागे लागले होते, ते कारागीर खरोखर तोंड मिटून बसले होते काय?

लेखी पुरावा तसे म्हणत नाही. १८०० ते १८०१ या काळात फ्रान्सिस बुकॅननने म्हैसूर, कानडा व मलबार या प्रदेशांतून प्रवास केला आणि भट्ट्यांची मापे, कोळशाचे प्रमाण, कामगारांतील मिळकतीची वाटणी हे सारे तपशीलवार टिपून घेतले. ते त्याला कोणीतरी दाखवले, कोणीतरी सांगितले. त्यानंतर मद्रास इलाख्यातील कंपनीचा मुलकी अधिकारी जोशाया मार्शल हीथ याने सेलमकडील पोलादाची कृती लिहिली. ती अशी. घडीव लोखंडाचे लहान तुकडे करून मातीच्या मुशीत घालायचे. माती भाताच्या जळलेल्या तुसात मळलेली असावी. त्यावर लोखंडाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतके सुके लाकूड, तेही ‘आवारम्’ झाडाचेच. वर एक-दोन हिरवी पाने ठेवायची आणि मुशीचे तोंड मातीने लिंपून टाकायचे. अशा वीस-चोवीस मुशी भट्टीत कमानीसारख्या रचून सुमारे अडीच तास भाता चालवायचा. मग मूस फोडली की आत पोलादाची वडी. आवारम् म्हणजे आपल्या माळावर पिवळ्या फुलांनी बहरणारा तरवड. आणि पाने होती ती बहुधा एरुक्कूची, म्हणजे रुईची.

याहून अधिक मोकळेपणाने विद्या कशी सांगायची? मसाल्याचे प्रमाण आहे, वेळ आहे, झाडाचे नाव आहे. जे नाहीसे झाले ते मुख्यतः दुसऱ्याच कारणांनी. विलायती लोखंड स्वस्तात बंदरावर उतरू लागले. १८७८चा वनकायदा आणि १८८२चा मद्रास इलाख्याचा वनकायदा यांनी कोळशासाठी लागणारे रान हातचे काढून घेतले. एक वडी पोलादासाठी जितका कोळसा जळतो तो पाहता, कोळसा गेला म्हणजे धंदा गेला. मग शंभर वर्षांनी कुणी विचारायला आले तेव्हा उत्तर द्यायला माणूस नव्हता, आणि विचारणाऱ्याने निष्कर्ष काढला की हे लोक सांगत नव्हते. हा निष्कर्ष सोयीचा आहे. त्यात कुणाची जबाबदारी उरत नाही.

तथापि कागदावरच्या कृतीत एक गोष्ट कमी होती हेही खरे. बुकॅनन किंवा हीथ यांना कारागिराने फसलेली मूस दाखवल्याचे फारसे दिसत नाही. दाखवली असली तरी ती त्यांच्या वहीत मोठी जागा घेत नाही. पोटासाठी काम करणारा माणूस आपला फसलेला माल कोणाला कशाला दाखवील? विळा तडकला तर गिऱ्हाईक जाते आणि सुगीला वाट्यावरून बोल ऐकावे लागतात. तो फसलेला तुकडा गुपचूप भट्टीत परत जातो. त्याची मोकळी चर्चा होते ती फक्त बाप आणि मुलगा यांच्यात, तीही शब्दांनी कमी आणि हातावर मारलेल्या फटक्याने जास्त. मुलगा कारखान्यात गेला की ती चर्चा संपली.

हीथचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे, कारण त्याला पोलादाचा हौशीच म्हटले पाहिजे. नोकरी सोडून त्याने १८३०च्या सुमारास परंगीपेट्टै, म्हणजेच पोर्तो नोव्हो, येथे लोखंडाचा कारखाना उभारला आणि स्वतःची पुंजी त्यात घातली. कारखाना तोट्यात गेला. इंग्लंडला परतल्यावर १८३९ मध्ये त्याने पोलादात मँगॅनीझ व कर्ब यांचे संयुग मिसळण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. तिने शेफील्डच्या कारखानदारांचा खर्च फार कमी झाला. परंतु तयार संयुग घालण्याऐवजी त्याचे घटक वेगवेगळे मुशीत टाकले की पेटंट मोडत नाही, असा युक्तिवाद करून त्यांनी त्याला मोबदला देण्याचे टाळले. वर्षानुवर्षे खटले चालले. १८५१ मध्ये हीथ मरण पावला तेव्हाही ते मिटलेले नव्हते. सेलमच्या ज्या माणसांनी त्याला मूस दाखवली त्यांची नावे त्याने नोंदवली नाहीत. शेफील्डने त्याला दिले त्याहून वेगळे काही नाही.

आता विसाव्या शतकाच्या अखेरीकडे यावे. फ्लोरिडात अल्फ्रेड पेंड्रे नावाचा एक नालबंद होता. घोड्यांना नाल ठोकून तो पोट भरी आणि उरल्या वेळात सुऱ्या घडवी. लाटांची नक्षी असलेले ते जुने पोलाद आपल्या भट्टीत होईल का, या ध्यासाने त्याने कित्येक मुशी फोडल्या. आयोवाच्या विद्यापीठातील धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवन त्याला येऊन मिळाले. पेंड्रेच्या वड्यांपैकी काहींत नक्षी येई, बहुतेकांत येत नसे; कृती तीच असूनही. फसलेल्या व साधलेल्या वड्या शेजारी ठेवून त्यांचे पृथक्करण केले तेव्हा कारण सापडले. व्हॅनेडियमसारख्या धातूचा लाखात चार-पाच भाग इतका अल्प अंश लोखंडात असला तर कठीण कर्बिदांचे थर रांगेने बसतात आणि पात्यावर नक्षी उमटते. तो अंश मूळ धातुपाषाणातूनच येत असावा. हा अनुमानाचा धागा पुढे नेला तर जुनी खाण संपून दुसऱ्या खाणीचे लोखंड येऊ लागल्यावर तीच कृती, तेच हात, तीच मूस असूनही नक्षी नाहीशी झाली असेल आणि कारागिराला त्याचे कारणही कळले नसेल. १९९८ मध्ये त्यांनी हे सारे प्रसिद्ध केले. पेंड्रे २०१७ मध्ये वारला. त्याच्या अपयशाच्या वड्या नसत्या तर व्हरहोवनना तुलना करायला काही उरले नसते, आणि नाल ठोकण्याच्या धंद्यात वड्या फोडण्याची चैन त्याला परवडली नसती. ती हौसेने परवडली.

चेन्नईच्या हौशी लोहाराला हा इतिहास दूरचा नाही. मेल्सिरुवलूर येथील मुशींचे अवशेष शारदा श्रीनिवासन यांनी १९९०च्या दशकात उजेडात आणले. कोडुमणल येथील उत्खननातही मुशीच्या पोलादाच्या खुणा मिळाल्या. आणि एग्मोरचे सरकारी संग्रहालय तर शहराच्या मध्यावरच आहे. १८५१ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात ताम्रपर्णीकाठच्या आदिच्चनल्लूर येथून अलेक्झांडर री यांनी १८९९ ते १९०५ या काळात काढलेली लोखंडी हत्यारे आहेत. त्याच छपराखाली तंजावरच्या भोसल्यांच्या शस्त्रागारातील कट्यारी, पट्टे, भाले आहेत. १८५५ मध्ये राज्य खालसा झाले. पुढच्या दशकात ते प्रचंड शस्त्रागार मद्रासला आणले गेले, थोडी निवडक शस्त्रे संग्रहालयासाठी राखली गेली आणि बाकीची मोडून भंगाराच्या भावाने विकली गेली. मराठी अभ्यासक तंजावरला जातो तो सरस्वती महालातील पोथ्यांसाठी आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरील भोसल्यांच्या शिलालेखासाठी. लोखंडाचा ग्रंथालयाएवढाच मोठा ठेवा मद्रासेत वितळला, याची हळहळ त्याच्या लेखनात क्वचितच दिसते. पोथी ही विद्या आणि कट्यार हा ऐवज, अशी आपली सवय आहे.

हौशी लोहार त्या काचेपुढे वेगळ्या कारणाने उभा राहतो. तंजावरच्या कितीएक कट्यारींची पाती युरोपात घडलेली आहेत. लांब तलवारीचे पाते तोडून ते देशी मुठीला रिव्हेटांनी जोडलेले. राजवंश, शतक, लढाई हे तो वाचत नाही. रिव्हेट किती, जोड कुठे, पाते तोडल्यावर पुन्हा पाणी दिले की नाही, हे तो शोधत असतो. नाव नसलेल्या त्या तंजावरी लोहाराशी चाललेले हे त्याचे बोलणे असते. अर्थात घरी जाऊन तो कट्यार घडवू शकत नाही, कारण शस्त्र म्हणून केलेल्या ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला कायद्याचा परवाना आडवा येतो. म्हणून त्याची हौस बहुतेक स्वयंपाकघरातच फिरते. सुऱ्या, अरुवामणै म्हणजे आपली विळी, नारळ सोलण्याचे टोक, दाराची कडी.

या हौसेवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. रस्त्याकडेच्या आसारीचा विळा चार पैशांना जातो आणि हौशी माणसाने केलेली सुरी, तिच्या मुठीला शिसवी लाकूड आणि वर चामड्याचे म्यान, श्रीमंतांच्या घरी कितीतरी पटींनी विकली जाते. घाम एकच; फरक जन्माचा आणि भाषेचा. एकाला घडवलेल्या वस्तूबद्दल लिहिता-बोलता येते, दुसऱ्याला आले तरी कोणी विचारत नाही. मद्रासने हा प्रश्न याआधीही पाहिला आहे. के. सी. एस. पणिक्कर यांनी १९६६ मध्ये इंजंबाक्कमच्या किनाऱ्यावर चोळमंडल हे कलावंतांचे गाव वसवले तेव्हा चित्रकार व शिल्पकार उपजीविकेसाठी हस्तकलेकडे वळले. पी. व्ही. जानकीराम यांनी तांब्याचे पत्रे ठोकून, मंदिरातील मूर्तींच्या कवचांची आठवण देणारी शिल्पे केली. ठोकणाऱ्या हाताला तिथे सही मिळाली. कवचे घडवणाऱ्या कारागिराच्या कामावर सही नसते. यात जानकीराम यांचा दोष नाही, त्यांची शिल्पे मोठीच आहेत. पण सही कोणाची आणि ठोका कोणाचा, हा हिशेब अजून पुरा झालेला नाही.

एवढे मान्य करूनही हौशी माणसाच्या बाजूने एक गोष्ट सांगावीशी वाटते. आसारीकडे तो गेला की प्रथम तिथे अविश्वास असतो. हा सुशिक्षित माणूस स्वस्तात कृती काढून न्यायला आला असावा असे वाटते, आणि हीथचा इतिहास पाहता तसे वाटणे चूक नाही. पण त्याने पिशवीतून स्वतःचे तडकलेले पाते काढून पुढे ठेवले की चित्र पालटू शकते. आता विचारणारा परीक्षक राहत नाही. आसारी ते पाते नखाने टिचकावतो, कानाशी नेतो, आणि तेल फार गार होते किंवा पाठीची बाजू आधी बुडाली असे काहीतरी सांगतो. चार पिढ्यांत जे बापाने मुलालाही धडपणे शब्दांत सांगितले नसेल ते या एका तडकलेल्या तुकड्यामुळे वाक्यात येते. विद्यापीठातील संशोधक ध्वनिमुद्रक घेऊन गेला तर त्याला वंशावळ मिळते, देवाचे नाव मिळते, लग्नगीत मिळते. तेल कोमट का हवे हे मिळत नाही, कारण ते विचारण्याइतके त्याचे काही फसलेले नसते.

लोखंडाबद्दल चेन्नईत सध्या अभिमानाची कमतरता नाही. २३ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी लोहाच्या प्राचीनतेविषयी राज्य पुरातत्त्व विभागाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात शिवगळै येथील नमुन्यांवरून तमिळ भूमीत लोखंडाचा वापर इ. स. पू. ३३४५ इतका मागे नेला आहे. अभ्यासकांत त्यावर वाद आहे, तो कालमापनाच्या पद्धतींचा आहे आणि तज्ज्ञांनी तो चालवावा. मात्र पाच हजार वर्षांपूर्वीच्या लोहाराचा गौरव करणाऱ्या सभांत आजच्या पट्टरैतील लोहार व्यासपीठावर दिसला तर ते अधिक शोभेल.

चेन्नईच्या मोकळ्या भूखंडांवर, रेल्वेच्या कडेला, पाडलेल्या घरांच्या विटांतून एरुक्कूचे झुडूप आपोआप उगवते. विनायक चतुर्थीला त्याच्या फुलांच्या माळा मैलापूरच्या बाजारात विकायला येतात, जशी आपल्याकडे शनिवारी मारुतीसाठी रुईच्या पानांची माळ येते. आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, दिवशी सारे शहर हत्यारांना चंदन-कुंकू लावते आणि रस्त्यावर कोहळे फोडते; त्या दिवशी भट्टी पेटत नाही. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला नव्या कामाचा आरंभ करायचा. मूस करून पाहण्याची ज्याला हौस आहे तो हा मुहूर्त साधतो. भाताचे तूस जाळून मातीत मळून ठेवलेले असते, आवारम्‌ची वाळलेली काटकी चिरून तयार असते. उरतात दोन हिरवी पाने. ती विकत घ्यावी लागत नाहीत. खुडली की देठातून पांढरा चीक येतो, तो डोळ्यांत जाऊ नये एवढे जपायचे. पाने लोखंडावर ठेवून मुशीचे तोंड लिंपले की पुढचे अडीच तास आत काय चालले आहे ते कोणालाही दिसत नाही, आणि पहिली मूस बहुधा फुटते.